अब्बांचे हमशकल

'पुढील शब्दांचे दोन वेगळे अर्थ लिहा' हा प्रश्न मी नोकरीत इतक्यांदा काढला की आजही कुणी झोपेतून उठवलं तरी दहा शब्द सांगेन. हार, वर, नाव, कळ, माळ. मुलांना हा प्रश्न आवडायचा, पाठांतर नाही आणि गुण हमखास. एखादा व्रात्य मुलगा 'वर' या शब्दाचे अर्थ 'नवरा' आणि 'जिथे पंखा असतो ती जागा' असे लिहायचा आणि मी हसत हसत पूर्ण गुण देऊन टाकायचे. मात्र 'आड' हा शब्द मी एकदाही घातला नाही. शाळेतल्या एका बाईंनी विचारलंही होतं, "अहो, इतका सोपा शब्द तुमच्याकडून दर वेळी सुटतो कसा?" मी म्हटलं, राहून जातो खरा. राहून वगैरे काही जात नव्हता. आता विचारणारं कुणी उरलं नाही आणि माझंही वय झालं, तेव्हा एकदा लिहून टाकते.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. जिल्हा झाला म्हणजे काय झालं, हे आम्हा पोरींना एवढंच कळायचं की भाड्याच्या खोल्यांवर कचेऱ्यांच्या पाट्या लागल्या, गोलाईत, म्हणजे गावच्या गोल बाजारपेठेत, चहाचे गाडे वाढले आणि इस्त्रीच्या कपड्यांतली अनोळखी माणसं खोली भाड्यानं मिळेल का म्हणून गल्लीबोळांत विचारत फिरू लागली. पाऊस मात्र जुन्या जिल्ह्यातही नव्हता आणि नव्यातही नव्हता. आमचं घर गोलाईच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं, पुढं एक लिंबाचं झाड. सकाळी कोंबड्याआधी हंड्यांचा आवाज यायचा. टँकर दिवसाआड यायचा, पण रांग रोज लागायची. उद्याचा नंबर आज लावून ठेवायचा अशी गल्लीची रीत. कुणाचा हंडा कुठला ते कळावं म्हणून कुणी काठाला चिंधी बांधायचं, कुणी ऑइलपेंटचा ठिपका द्यायचं. अम्मीनं आमच्या हंड्याला हिरवी चिंधी बांधली होती, आणि गल्लीत आणखी दोन हिरव्या चिंध्या निघाल्यावर तिनं चिडून आपल्या चिंधीला एक जास्तीची गाठ मारली. तांदूळ धुतलेल्या पाण्यात डाळ शिजायची, भांडी विसळलेलं पाणी लिंबाला जायचं. जेवायला खिचडी आणि चिंचेचा खट्टा, नाहीतर भाकरी आणि वाळवलेली अंबाडी. अम्मी म्हणायची की खट्टा पाणी वाढवला तरी चालतो म्हणून करावा, आणि तेच पाणी नाही म्हणून करू नये. मग दोन्ही बाजूंनी विचार करून ती तो करायचीच.

घरात आम्ही दखनी बोलायचो. इथं सगळं मराठीत लिहिते आहे, कारण माझा हात मराठीतच चालतो. मला मराठी शाळेत घालण्याचा हट्ट अब्बांचा. ते स्वतः निजामाच्या अमदानीत उर्दूत शिकलेले, कागदपत्रं वाचण्यात त्यांचा हातखंडा, लोक त्यांना मुन्शीसाब म्हणायचे. पण माझ्या बाबतीत ते म्हणाले, "आता कचेरी मराठीत चालणार, पोरीनं मराठीतच शिकावं." आणि मी शाळेतून मराठी घरी आणू लागले तसा त्यांना एक नाद लागला. दिसायला सारखे, पण अर्थानं, कधी उच्चारानं, कधी कुळानंच वेगळे असे शब्द ते गोळा करायचे. त्यांना ते हमशकल म्हणायचे, एका चेहऱ्याची दोन माणसं. संध्याकाळी जेवणं होऊन दस्तरखान उचलला की अब्बा एक शब्द टाकायचे आणि ज्यानं त्यानं आपला अर्थ सांगायचा. 'खत' म्हटलं की अम्मी पटकन म्हणायची, नांदेडहून माझ्या बहिणीचं आलेलं. दूध घालायला आलेल्या शांताकाकू दारातूनच म्हणायच्या, "खत? आमच्या उकिरड्यात ढीगभर पडलंय, न्या की." मी शाळेतलं वाक्य आणायचे, 'चार गुरं चार.' पहिला चार तालव्य, दुसरा दंततालव्य, अक्षर तेच. अब्बा ते दहा वेळा म्हणून बघायचे, जीभ टाळूवर, मग दातांमागं, आणि लहान मुलासारखे खूश व्हायचे. 'जगात जग' यावर तर त्यांनी दोन दिवस काढले.

त्यांचं सगळ्यात आवडतं मात्र उर्दूतलं होतं. मीम, लाम, काफ. तीन अक्षरं पाटीवर काढून ते मला विचारायचे, "वाच." मी लहानपणी गल्लीतल्या आपाकडे कायदा शिकले होते. कायदा म्हणजे अलिफ-बेचं पुस्तक, कचेरीतला कायदा तो वेगळा. त्यामुळं अक्षरं यायची, पण उर्दू शब्द वाचता यायचे नाहीत, कारण त्या लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत, वाचणाऱ्यानं ते आपले आपण भरायचे. अब्बा सांगायचे, "मुल्क वाचलं तर देश. मलिक वाचलं तर राजा. मलक वाचलं तर फरिश्ता. मिल्क वाचलं तर आपल्या मालकीची जमीन. आता सांग, कागदात काय लिहिलंय?" मी म्हणायचे, काय? "मला काय माहीत? तू ओळ कुठं वाचलीस?" आणि मोठ्यानं हसायचे. ओळ संपल्याशिवाय शब्द बोलू नये, हा त्यांच्या धंद्याचा नियम होता. अर्धी ओळ वाचून अर्थ सांगणाऱ्या माणसाला ते हजामत अर्धी सोडून जेवायला जाणारा न्हावी म्हणायचे.

नवा जिल्हा झाला तेव्हा जुन्या जिल्ह्यातून ट्रक भरभरून जुने कागद आले. कापडात बांधलेल्या त्या गाठोड्यांना बस्ता म्हणतात. त्यातले निम्मे उर्दूत, तेही घाईनं मोडून लिहिलेल्या अक्षरात, आणि नव्या कचेरीत ते वाचणारं कुणी नाही. अब्बांना हंगामी म्हणून बोलावलं, काम बरं वाटलं तर कायम करू म्हणाले. कागद वाचायचा, त्याचा मराठी तर्जुमा, म्हणजे भाषांतर, करायचा, लोकांना नक्कल द्यायची. अब्बांनी नवा पांढरा शर्ट शिवला. अडचण एकच होती आणि ती घरातल्या तिघांनाच माहीत होती. अब्बांना अक्षर दिसत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, डोळ्याच्या पडद्याला मधोमध डाग पडलाय, चष्म्यानं सुधारायचा नाही, ऑपरेशन नाही. कडेचं दिसायचं. ते रस्त्यानं नीट चालायचे, माणूस ओळखायचे, चहात पडलेली माशीसुद्धा दिसायची. ज्याच्याकडे सरळ बघावं तेच नेमकं पुसलं जायचं. म्हणून ते कुणाशीही बोलताना जरा तिरपे, त्याच्या कानाकडे बघायचे. लोकांना ती ऐट वाटायची.

मग आम्ही दोघांनी मिळून एक वाचणारा तयार केला. माझी शाळा सकाळची होती. दुपारी मी डबा घेऊन कचेरीत जायचे आणि अब्बांच्या शेजारी स्टुलावर बसायचे. कागद मी धरायचे आणि हळू आवाजात अक्षरं सांगायचे, काफ, नून, अलिफ, हे. ओळ संपली की अब्बा डोळे मिटून क्षणभर थांबायचे आणि पूर्ण ओळ मराठीत सांगायचे, मी ती लिहून घ्यायचे. मला अक्षर कळायचं, अर्थ नाही. त्यांना अर्थ कळायचा, अक्षर नाही. साहेबांना वाटायचं, मुन्शीसाब मुलीला उर्दू शिकवतात आणि तिच्या सुंदर अक्षरात तर्जुमा लिहून घेतात. शिपाई गुंडप्पा तर कौतुकानं म्हणायचा, "पोरगी लई हुशार हाय बगा, उर्दू शिकायलीय." मला त्या कामाची मिजास चढली होती, हे मी कबूल करते. पंधरा-सोळा वर्षांची मी, आणि अख्ख्या जिल्ह्याचे कागद माझ्या तोंडून बोलत होते.

कौसाबाई अशाच एका दुपारी आल्या. साठीकडे झुकलेल्या, उंच, पदर कानामागं खोचलेला, हातात कापडी पिशवी. निलंग्याकडच्या चिंचवंडीच्या बौद्धवाड्यातून आल्या होत्या. "जय भीम, मुन्शीसाब," म्हणाल्या आणि खाली न बसता उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. वस्तीला एक आड होता. त्यांच्या आजेसासऱ्यानं आणि भावकीनं निजामाच्या वेळी खोदलेला. तेव्हा सरकारनं आड आणि भोवतालची जागा वस्तीची, असं लिहून दिलेलं. गावातल्या दुसऱ्या विहिरी आटल्या, हा खोल आड तेवढा टिकला, आणि शेजारच्या शेतवाल्यानं तो आपल्या शेतात येतो म्हणत त्यावर इंजिन बसवलं, भोवती काट्या लावल्या. "तीन कोसावरनं पाणी आणून राहिलो आमी. तहसीलला तारीख लागलीय. सायेब म्हणले, कागद दाखवा. आमच्या घरचा कागद वाळवीनं खाल्ला. इथल्या बस्त्यात असल बगा. तेवढा वाचून द्या." अब्बांनी गावाचं नाव दोनदा विचारलं. हे गाव पूर्वी जुन्या जिल्ह्यातच राहिलेल्या दुसऱ्या तालुक्यात होतं, त्यामुळं कागद कुठल्या बस्त्यात असेल ते शोधायला वेळ लागणार होता. "गुरुवारी या," ते म्हणाले, "तोवर गुंडप्पा बस्ता काढून ठेवील." तारीख त्याच्या पुढच्या मंगळवारी होती.

आणि गुरुवारीच नांदेडला माझी स्पर्धा होती. आंतरशालेय शब्दस्पर्धा, एका शब्दाचे जास्तीत जास्त अर्थ, वाक्यांसह. आमच्या मराठीच्या बाईंनी माझंच नाव दिलं होतं, कारण या खेळात मी शाळेत कुणाला हार जात नव्हते. मी अब्बांना म्हटलं, "गुरुवारी त्या बाई येणार आहेत." अब्बा म्हणाले, "येऊ देत. शुक्रवारी या म्हणतो. एका दिवसानं काय होतंय? तू जा, आपले हमशकल नांदेडला दाखवून ये." मी फार आढेवेढे घेतले असं आज मला लिहिता आलं असतं, पण ते खोटं ठरेल. मी लगेच हो म्हटलं आणि बाईंबरोबर बुधवारी एस.टी.त बसले. मुक्काम खालाकडं, अम्मीच्या बहिणीकडं. नांदेडला नदी होती, दुष्काळातही पात्रात डबकी होती, आणि खालाकडं नळाला पाणी येत होतं. मी नळाखाली हात धरून किती तरी वेळ उभी राहिले, शेवटी खाला ओरडली.

स्पर्धेतलं सगळं आठवतं. मोठा हॉल, लाकडी मंच, परीक्षक म्हणून आलेले एक टोपीवाले गुरुजी. एकेक शब्द येत गेला आणि समोरची मुलं गळत गेली. 'जरा'वर मी म्हटलं, "जरा आली की माणसाला जराही चालवत नाही," आणि दोन्ही ज वेगळे करून दाखवले, तेव्हा गुरुजींनी मान डोलावली. शेवटी मी आणि उमरीचा एक मुलगा उरलो. चिठ्ठी निघाली, 'आड'. तो म्हणाला विहीर, आणि अडखळला. मी धडाधडा सुरू झाले. दार आड करतात तो आड, कुणाच्या आड येतात तो आड, झाडाआडचा आड, आणि मग ऐटीत वाक्य टाकलं, "आमच्या लातुरात टँकर दिवसाआड येतो, कारण आडात पाणी नाही." हॉल हसला, टाळ्या पडल्या. मला एक शाईचं पेन मिळालं, निळ्या डबीत. तेव्हा दुपारचे दोन-अडीच झाले असतील. मी ती वेळ नंतर फार हिशेबानं जुळवून पाहिली आहे. न जुळवली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवारी संध्याकाळी घरी आले. अब्बांनी पेन हातात घेऊन बोटांनी चाचपलं, टोपण उघडलं, लावलं, कुठले शब्द आले ते एक एक करून विचारलं. मी 'आड'चं वाक्य सांगितलं. अम्मी हसली. अब्बा हसले नाहीत. मी विचारलं, कौसाबाई आज आल्या होत्या का? ते म्हणाले, "त्यांचं काम झालं." मला वाटलं, कागद मिळाला. शनिवारी दिवसभर मी गल्लीत पेन दाखवत फिरत होते.

रविवारी सकाळी कौसाबाई आमच्या दारात उभ्या. अम्मीनं पाण्याचा पेला दिला. त्यांनी अर्धा प्यायला आणि अर्धा, विचारून, आपल्या बाटलीत ओतून घेतला. मग लिंबाखाली बसल्या. "मुन्शीसाब, परत येकदा आठवून सांगा. त्यो कागद आमचाच व्हता."

"सांगितलं ना बाई," अब्बा म्हणाले, "तो नव्हता."

"पर खाली आमच्या आजेसासऱ्याची निशाणी व्हती. उभी काठी आन् वर दोन टिंबं, घुंगराची. लिहाया येत नव्हतं त्याला, म्हणून सहीऐवजी तीच काढायचा. घरात परातीवर हाय, दाराच्या चौकटीवर हाय. मला अक्षर येत न्हाई, पर ती बी वळखू येत न्हाई का?"

मी मध्येच विचारलं, कुठला कागद? कधी?

"गुरवारी, माय. तू नव्हतीस. मला सकाळी शुक्रवारी या म्हणले, मी म्हनलं गाडीभाड्याला येकदाच हाय, बसते. दुपारी सायेब आले, म्हणले जुन्या तालुक्याचे बस्ते परत जुन्या जिल्ह्याला जायचेत, ट्रक उभा हाय. गुंडप्पानं आमच्या गावाचा कागद काढला, ह्यांच्या हातात दिला. सायेब म्हणले, हाच का? लवकर सांगा, हाच असला तर ठिवून घिऊ. ह्यांनी लई वेळ डोळ्यापाशी धरला. मंग म्हणले, ह्यो नव्हं. मी म्हनलं, निशाणी आमची हाय. तर म्हणले, बाई, अशी निशाणी दहा गावांत दहा जणांची असती. दिसायला एक, माणसं वेगळी."

आत अम्मीचा खलबत्ता थांबला. दिसायला एक, माणसं वेगळी. हे आमच्या घरचं वाक्य होतं, दस्तरखानावरचं, हसायचं. मी अब्बांकडे बघितलं. ते माझ्या कानाकडे बघत होते, म्हणजे माझ्याकडेच बघत होते. "नज्जू तिथं नव्हती," माझं नाव घेऊन ते हळूच म्हणाले. मग कौसाबाईंच्या दिशेनं वळून त्यांनी जे घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. "मला अक्षर दिसत नाही, कौसाबाई. वर्ष होऊन गेलं. ही अक्षरं सांगते, मी बोलतो. गुरुवारी हो म्हटलं असतं तर साहेब म्हणाले असते, वाचून दाखवा. नाही म्हटलं की वाचावं लागत नाही."

कौसाबाई ओरडल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी बाटलीचं बूच घट्ट फिरवलं. मग म्हणाल्या, "मंग त्या दिशी म्हणायचं की, दिसत न्हाई म्हणून. आमी काय हसलो असतो का? मी म्हनले असते सायबाला, ठिवा कागद बाजूला. मला तर दिसत व्हता."

सोमवारी अब्बा, कौसाबाई आणि मी पहिल्या गाडीनं जुन्या जिल्ह्याला गेलो. तिथली खोली छतापर्यंत बस्त्यांनी भरलेली. नवे आलेले, परत आलेले, जायचे राहिलेले, सगळे एकावर एक. तिथला कारकून वाईट माणूस नव्हता. त्यानं खुर्ची दिली, चहा सांगितला आणि म्हणाला, "बाई, हे नुसतं लावायलाच दोन-तीन महिने जातील. नाव-गाव लिहून ठेवा." मी म्हटलं, मी शोधते. तो म्हणाला, शोध. मी दारापासून सुरुवात केली. बस्त्यांवरच्या चिठ्ठ्या हाताला येतील तेवढ्या वाचत गेले, अक्षरं मोठ्यानं सांगत गेले, आणि दाराबाहेर उभे राहून अब्बा गावांची नावं सांगत गेले. भिंतीच्या कडेचं एक हातभर झालं असेल. खालचा बस्ता ओढला तर वरचे कोसळतील म्हणून कारकुनानं हात लावू दिला नाही. कौसाबाई बस्त्यांकडे बघत नव्हत्या, माझ्या तोंडाकडे बघत होत्या. प्रत्येक नावाला त्यांची मान वर व्हायची. पाच वाजता खोलीला कुलूप लागलं. मला रडू आलं तेव्हा त्याच म्हणाल्या, "चल माय, गाडी जाईल."

मंगळवारी त्या तारखेला एकट्या गेल्या. कागद असेल तेव्हा या, असं तिथं सांगितलं. आड शेतवाल्याकडेच राहिला. बुधवारी अब्बांनी साहेबांना डोळ्यांचं सांगितलं आणि घरी आले. साहेब म्हणे हळहळले. अब्बांनी पांढरा शर्ट घडी करून पेटीत ठेवला. त्यानंतर आमच्या घरी हमशकल कधी खेळले गेले नाहीत. कुणी ठरवलं नव्हतं. दस्तरखान उचलला की अब्बा हात धुऊन लिंबाखाली जाऊन बसायचे आणि शांताकाकू दाराशी आल्या तरी नुसतं दूध घालून जायच्या. मी त्यांना एकदा म्हटलं, अब्बा, चूक माझी, मी जायला नको होतं. ते म्हणाले, "तू गेलीस ते बरोबर होतं. मी राहिलो ते चुकलं." मला ते तेव्हा पटलं नाही आणि आजही पूर्ण पटत नाही. पुष्कळ वर्षांनी ते वारले तेव्हाही मला वाटत होतं, की त्या दुपारी मी स्टुलावर असते तर फक्त एक ओळ पुरली असती.

अब्बांचं कचेरीतलं काम सुटल्यावर दोन वर्षांनी मी शिक्षिकेच्या अभ्यासक्रमासाठी नांदेडला खालाकडं राहायला आले. गुंडप्पाकडून कळलं होतं की चिंचवंडीच्या वस्तीतली बरीच माणसं गाव सोडून विष्णुपुरीच्या धरणाच्या कामावर गेली आहेत. एका रविवारी मी सिटी बसनं गेले. पत्र्यांच्या झोपड्यांच्या ओळी, मध्ये रॉकेलच्या स्टोव्हचा वास, दगड फोडल्याचा आवाज, आणि पलीकडं नदी. कौसाबाईंनी मला लांबूनच ओळखलं. पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे तांब्याभर पाणी दिलं. काठोकाठ भरलेलं, घेताना माझ्या हातावर सांडलं. "पी, हितं पाण्याला तोटा न्हाई," त्या म्हणाल्या. मुन्शीसाब कसे आहेत विचारलं. मी म्हटलं, बसून असतात.

मी म्हटलं, तुमच्याकडून एक अर्ज करू या, जुन्या जिल्ह्याच्या कचेरीला, बस्ते आता लागले असतील. मी घरून कागद आणला होता, आणि तेच निळ्या डबीतलं पेन. तिथंच जमिनीवर बसून अर्ज लिहिला. गावाचं नाव, आडाची जागा, आजेसासऱ्याचं नाव, सगळं त्यांनी न अडखळता सांगितलं. हा अर्ज गेला, त्यानंतर आणखी तीन गेले, आणि शेवटी 'असा कागद आढळून येत नाही' असं एका ओळीचं उत्तर आलं. पण त्या दिवशी मला ते माहीत नव्हतं. खाली अंगठ्यासाठी जागा सोडून मी पिशवीत शाईची डबी शोधू लागले तर त्या म्हणाल्या, "अंगठा कामून? पेन दे हिकडं."

पेन त्यांनी मुठीत धरलं, खुरपं धरतात तसं. हळूहळू एक उभी रेघ काढली. मग वर, एक इकडं आणि एक तिकडं, अशी दोन टिंबं दिली आणि शाई वाळेपर्यंत कागदाकडे बघत राहिल्या. मी ती निशाणी पहिल्यांदाच बघत होते.

"मुन्शीसाब म्हणले व्हते, अशी दहा गावांत दहा जणांची असती," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, खरंच विचारत असल्यासारखा होता. "हितं कामावर कुठकुठल्या गावचे लोक हायत. हजेरीला कुणी काय काढतं, कुणी काय. तवापासून बगून राहिले मी, माय. अजून दुसऱ्या कुणाची दिसली न्हाई."